जागल्याचा खटला
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



जुन्या गावगाड्यात जागल्या नावाचा एक गावकामगार असे. गाव निजले की हातात काठी घेऊन तो वेशीपासून वेशीपर्यंत फिरे आणि काही विपरीत दिसले की हाळी देई. चोराला शिक्षा करणे हे त्याचे काम नव्हते. निजलेल्यांना उठविणे एवढेच त्याचे काम. कारभारातील अपकृत्य आतूनच उघड करणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘व्हिसलब्लोअर’ म्हणतात. मराठी वृत्तपत्रांनी त्यासाठी ‘जागल्या’ हाच जुना शब्द पुन्हा वापरात आणला. निवड अर्थपूर्ण आहे. फरक इतकाच की, गावच्या जागल्याला हाळी देण्याचा अधिकार गावानेच दिलेला असे, तर आजच्या सरकारी जागल्याच्या तोंडावर सेवानियमांचे कुलूप असते. ते कुलूप तोडूनच त्याला हाळी द्यावी लागते. म्हणूनच प्रश्न उभा राहतो : लोकहितासाठी कायदा मोडून सत्य सांगणाऱ्या सरकारी सेवकावर खटला चालवावा काय?

हा प्रश्न दिल्लीच्या किंवा वॉशिंग्टनच्या गुप्त दस्तऐवजांपुरताच आहे, असा एक समज आहे. वस्तुतः तो सह्याद्रीच्या कुशीतील जव्हार आणि मोखाडा या दोन आदिवासी तालुक्यांत अधिक जिवंत स्वरूपात भेटतो. वारली, कोकणा, क ठाकूर, महादेव कोळी, कातकरी या समाजांची ही भूमी. नाचणी आणि वरईची शेती, पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि दिवाळी सरली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावरील या भूमीचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले ते मात्र एका दुःखद कारणाने. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात सव्वाशेहून अधिक बालके कुपोषणाने दगावली. मंत्र्यांचे दौरे झाले, योजना आल्या. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हाही झाला. तरीही २०१६ च्या पावसाळ्यात मोखाड्यातील बालमृत्यूंनी राज्य पुन्हा हादरले आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला राज्य शासनास नोटीस पाठवावी लागली.

या दोन घटनांमध्ये सुमारे पाव शतकाचे अंतर आहे. या काळात अन्न, औषधे आणि रस्ते यांच्या अभावाची चर्चा पुष्कळ झाली. एका चौथ्या अभावाची चर्चा तुलनेने कमी झाली. तो अभाव म्हणजे खऱ्या आकड्याचा.

आकडा जन्मतो कोठे, हे आधी पाहिले पाहिजे. पाड्यावरील अंगणवाडीत सेविका बालकाचे वजन करते, उंची मोजते, दंडाचा घेर पट्टीने पाहते. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की ते बालक तीव्र कुपोषित ठरते. पूर्वी ही नोंद वहीत होई. २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपमध्येही होते. येथून आकडा पर्यवेक्षिकेकडे, प्रकल्प अधिकाऱ्याकडे, जिल्हा परिषदेकडे आणि शेवटी मंत्रालयाकडे जातो. प्रत्येक पायरीवर त्याला थोडे सुदृढ करण्याचा मोह असतो, कारण कमी आकडा म्हणजे चांगले काम असा हिशेब रूढ झालेला असतो. वीटभट्टीवर गेलेले मूल ‘स्थलांतरित’ या एका शब्दात वहीबाहेर जाते. मृत्यू झाला तर कारणाच्या रकान्यात न्यूमोनिया, अतिसार, कमी वजनाचा जन्म असे काही लिहिले जाते. ते खोटे असतेच असे नाही. परंतु ज्या उपासमारीने त्या देहाची प्रतिकारशक्ती संपविली, तिच्यासाठी रकानाच नसतो.

नोंदीतील ही तूट केवळ संशय नव्हे. डॉ. अभय बंग आणि सहकारी संस्थांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातील प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दाखवून दिले. पुढे शासनानेच डॉ. बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि नोंदणीतील ही तूट सरकारदरबारी मांडली गेली. तो अहवाल बाहेरच्यांनी पाड्यापाड्यांवर जाऊन, मोजणी करून सिद्ध केला. पण पाड्यावरचे मृत्यू ज्यांना सर्वांत आधी ठाऊक असतात, ते आतले लोक गप्प का राहिले असतील?

आता एक प्रसंग कल्पावा. एका सेविकेच्या वहीत सात तीव्र कुपोषित बालके आहेत. वर गेलेल्या अहवालात दोन. तिने विचारले, तेव्हा ‘तुम्ही आपले काम करा’ असे उत्तर मिळाले. महिन्याभरात त्या सातांपैकी एक बालक गेले. तिने वहीची छायाप्रत काढून एका वार्ताहराच्या हाती दिली. तिने नियम मोडला, यात शंका नाही. कार्यालयीन कागद परवानगीशिवाय बाहेर देण्यास आणि वृत्तपत्रांशी परस्पर बोलण्यास शासकीय सेवकाला वर्तणूक नियमांनी मनाई आहे, आणि तीच शिस्त सेविकेकडूनही अपेक्षिली जाते. तिला कोणी अपराधी म्हणेल, कोणी वीरांगना. तथापि खरा प्रश्न या दोन शब्दांच्या पलीकडे आहे. तिच्यापुढे न्यायाचे दार कोणते?

येथे एक आक्षेप संभवतो. माहितीचा अधिकार असताना नियम मोडण्याचे कारण काय? महाराष्ट्राने तर केंद्राच्याही आधी, २००२ साली, या अधिकाराचा कायदा केला. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा अमलात आहे. माणसाच्या जीविताशी निगडित माहिती ४८ तासांत देण्याची तरतूद त्यात आहे. हा आक्षेप वजनदार आहे आणि जेथे हा मार्ग खुला आहे तेथे तोच धरला पाहिजे. परंतु माहितीचा अधिकार मागणाऱ्याला कागद मिळवून देतो. कागदातला खोटेपणा दाखवून देत नाही. अहवालात ‘दोन’ लिहिले असेल, तर अर्जदाराला शिक्क्यासह, प्रमाणित प्रतीत, ‘दोन’च मिळतील. सातांची वही अस्तित्वात आहे, हे आतल्या माणसाखेरीज कोण सांगणार?

दुसरा आक्षेप असा की, तिने वरिष्ठांकडे गुप्तपणे तक्रार करावी. या मार्गाचा इतिहास सत्येंद्र दुबे या नावाने लिहिला गेला आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या या तरुण अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरव्यवहाराविषयी २००२ साली थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे, अशी विनंती केली. नाव गुप्त राहिले नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी, वयाच्या तिसाव्या वाढदिवशी, गया येथे त्यांची हत्या झाली. दुबे यांनी कोणताही कायदा मोडला नव्हता. उलट शिष्टसंमत मार्गच धरला होता. त्यांच्या मृत्यूनंतर केंद्र शासनाने एप्रिल २००४ मध्ये ठराव करून अशा तक्रारी स्वीकारण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिले. जागल्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा २०१४ साली संमत झाला. त्यात सक्षम अधिकाऱ्याकडे केलेल्या प्रकटनाला शासकीय गुपिते अधिनियमाच्या वर स्थान दिले गेले. परंतु दशक उलटून गेले तरी तो कायदा अमलात आणलेला नाही. उलट, २०१५ साली ते स्थान काढून घेणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेत संमत झाले. त्याचे पुढे काही झाले नाही. थोडक्यात, घर बांधून तयार आहे, पण दाराला कुलूप आहे.

महाराष्ट्राचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवितो. धुळ्याचे जिल्हाधिकारी असताना अरुण भाटिया यांनी रोजगार हमी योजनेतील गैरव्यवहार उघडकीस आणले. त्यांची कारकीर्द लोकांच्या लक्षात राहिली ती एकामागून एक झालेल्या बदल्यांमुळे. मुंबई महापालिकेचे उपायुक्त गो. रा. खैरनार यांनी १९९४ साली सत्ताधाऱ्यांवर जाहीर आरोप केले आणि त्यांना निलंबनाची वर्षे काढावी लागली. जलसंपदा विभागातील मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ साली सिंचन प्रकल्पांच्या वाढत्या खर्चाविषयी आणि दर्जाविषयी मुख्यमंत्री व राज्यपाल यांना पत्रे लिहिली. ती पत्रे प्रकाशात आल्यावर राज्याचे राजकारण ढवळून निघाले. या तिघांचे सर्व आरोप शेवटी कितपत सिद्ध झाले, हा स्वतंत्र विषय आहे. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. व्यवस्थेने अशा माणसांना क्वचितच न्यायालयात नेले. बदली, निलंबन, वेतनवाढ रोखणे, गोपनीय अहवालात एक थंड ओळ लिहिणे ही तिची शस्त्रे होती.

प्रस्तुत विषयाचा गाभा येथे आहे. ‘खटला भरावा की भरू नये’ असा प्रश्न विचारताना, खटला नसेल तर मोकळीक असेल, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात खटला नसतो तेव्हाही शिक्षा असतेच. केवळ तिला आरोपपत्र नसते, साक्षीपुरावा नसतो, कारणे नसतात आणि अपीलही नसते. बदलीच्या आदेशात ‘प्रशासकीय कारणास्तव’ हे दोनच शब्द असतात. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदली अधिनियमाने मुदतपूर्व बदलीसाठी लेखी कारणे आवश्यक केली, ती या अनुभवातूनच. कायम शासकीय सेवकाला निदान संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदाचे कवच आहे. चौकशीशिवाय त्याला बडतर्फ करता येत नाही. अंगणवाडी सेविकेला तेही नाही. ती मानधनावर काम करते आणि तिचे पद शासकीय नागरी पद नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली अमीरबी प्रकरणात म्हटले. (२०२२ साली त्याच न्यायालयाने सेविकांना उपदानाचा हक्क मात्र दिला.) सेवक म्हणून संरक्षण नाही, सेवक म्हणून मौन मात्र अपेक्षित, अशी ही स्थिती. तिला एके दिवशी ‘उद्यापासून येऊ नका’ म्हटले, तर पाड्याबाहेर कोणाला कळणारही नाही.

या दृष्टीने पाहिले म्हणजे खटला हे संकट न वाटता आश्रय वाटू लागतो. न्यायालयात आरोप लेखी मांडावा लागतो, तो सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते आणि आरोपीला बोलण्याचा हक्क असतो.

दुसऱ्या बाजूचा विचारही न्यायाने केला पाहिजे. ‘लोकहित’ हा शब्द उच्चारताच कायद्यातून सूट मिळू लागली, तर निविदेचे कागद विकणारा, वैयक्तिक सूड उगवणारा आणि खंडणीसाठी फायली जमविणारा, हे तिघेही उद्या सदसद्विवेकाचे नाव घेतील. शासनाजवळ काही गुपिते असतात आणि ती असलीच पाहिजेत : सीमेवरील सैन्याच्या हालचाली, खबऱ्याचे नाव, रुग्णाचा आजार. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात दाखल असलेल्या बालकाचे नाव आणि त्याच्या आईचे छायाचित्र वृत्तपत्रात देणारा माणूस त्या मातेवर दुसरा अन्याय करतो. आकडा लोकांचा आहे; नाव त्या कुटुंबाचे आहे. हा विवेक कोणी पाळला आणि कोणी पाळला नाही, हे ठरविण्यासाठी तटस्थ स्थान हवेच, आणि न्यायालयाहून अधिक तटस्थ स्थान लोकशाहीने अद्याप निर्माण केलेले नाही. म्हणून सरसकट माफी हे उत्तर नव्हे.

मग खटला कसा असावा? याचे उत्तर मुंबईच्याच इतिहासात आहे. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळक मुंबई उच्च न्यायालयात एकवीस तासांहून अधिक काळ स्वतः बोलले. १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींनी आरोप मान्य केला आणि तो का मान्य करतो, हेही सांगितले. दोघांनाही सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. न्याय मिळाला नाही. परंतु परकीय सत्तेच्या न्यायालयातही ‘का’ या प्रश्नाचे उत्तर उघडपणे देता आले आणि ते उत्तर देशभर पोहोचले.

याच परकीय सत्तेने १९२३ साली केलेला शासकीय गुपिते अधिनियम आजही लागू आहे. त्याच्या पाचव्या कलमाखाली गोपनीय माहिती अनधिकृतपणे देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ‘हे मी लोकहितासाठी केले’ असा बचाव त्यात लिहिलेला नाही. खटला भरावयाचा की नाही, हे शासनच ठरविते, कारण शासनाच्या आदेशाने झालेल्या तक्रारीशिवाय न्यायालयाला दखल घेता येत नाही. म्हणजे ज्याचे अपकृत्य उघड झाले, तोच फिर्यादीचा मालक. शिवाय सुनावणीच्या वेळी लोकांना बाहेर ठेवण्याचीही तरतूद आहे. ज्या खटल्यात ‘का’ हा प्रश्न विचारताच येत नाही आणि जो बंद दाराआड चालू शकतो, त्याला खटल्याचे नाव असले तरी त्यात खटल्याचा प्राण नाही.

ब्रिटनमध्ये १९८५ साली क्लाइव्ह पाँटिंग या संरक्षण खात्यातील अधिकाऱ्यावर असाच खटला झाला. फॉकलंड युद्धात बुडविलेल्या ‘जनरल बेलग्रानो’ या युद्धनौकेविषयीचे कागद त्यांनी एका संसद सदस्याला पाठविले होते. न्यायाधीशांचा कल त्यांच्या विरुद्ध होता, तरीही ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. अमेरिकेत डॅनिएल एल्सबर्ग यांनी १९७१ साली व्हिएतनाम युद्धाचे गुप्त दस्तऐवज प्रसिद्धीस दिले आणि स्वतः अधिकाऱ्यांपुढे हजर झाले. १९७३ साली त्यांच्यावरील खटला रद्द झाला तो सरकारच्याच गैरवर्तनामुळे. त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या कार्यालयात सरकारी हस्तकांनी घरफोडी केल्याचे खटल्याच्या ओघात उघड झाले होते. दोन्ही ठिकाणी आरोपी पिंजऱ्यात उभा होता आणि तपासणी मात्र सत्तेची झाली. भारतात नानावटी खटल्यानंतर ज्यूरीची पद्धत मावळली. म्हणून पाँटिंग यांना जे दार ज्यूरीने उघडून दिले, ते येथे कायद्याच्या शब्दांनीच उघडून ठेवावे लागेल.

त्या दाराच्या काही खुणा भारतीय कायद्यात आधीच आहेत. मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतूशिवाय केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचे १९ वे कलम, म्हणजे जुन्या दंड संहितेचे ८१ वे, मर्यादित संरक्षण देते. माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(२) सांगते की, गुपिते अधिनियम काहीही म्हणो, गोपनीयतेने जपलेल्या हितापेक्षा लोकहित मोठे असेल तर माहिती देता येते. १० एप्रिल २०१९ रोजी राफेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कागद अनधिकृतपणे बाहेर आले म्हणून ते पाहूच नयेत, हा शासनाचा आक्षेप फेटाळला. कागद पाहता येतो, हे ठरले. कागद आणणाऱ्याचे काय, हे ठरावयाचे आहे.

ते ठरविताना न्यायालयाने काही साधे प्रश्न विचारावेत. सांगितलेली गोष्ट खरी होती काय? लपविलेले अपकृत्य खरोखर गंभीर होते काय? आतील दारे ठोठावून झाली होती काय, अथवा ती बंदच होती काय? आवश्यक तेवढेच उघड केले काय? त्यातून स्वतःचा लाभ साधला काय? या कसोट्यांवर सेविकेची छायाप्रत उतरली, तर तिची निर्दोष मुक्तता व्हावी आणि तिचे काम तिला परत मिळावे. निविदा विकणारा उतरणार नाही. त्याला शिक्षा व्हावी. याच्या जोडीला एक अट अटळ आहे : वही बाहेर कशी गेली, याची चौकशी सुरू होईल त्याच दिवशी सातांचे दोन कसे झाले, याचीही सुरू झाली पाहिजे. पहिली फाईल वेगाने पळते आणि दुसरी कपाटात राहते, तेव्हा तो खटला कायद्याचे राज्य राखत नाही. कुंपणानेच शेत खाल्ल्याची ती खूण असते.

अशा प्रकारे मूळ प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. कायदा मोडणाऱ्या जागल्याने न्यायालयापुढे यावे, कारण कायद्याहून मोठा कोणीच नाही. आणि त्या न्यायालयाने त्याचा हेतू ऐकलाच पाहिजे, उघडपणे ऐकला पाहिजे, कारण सत्याहून मोठा कायदाही नाही. यांतील दुसरा भाग जोवर कायद्यात उतरत नाही, तोवर पहिल्या भागाचा आग्रह धरण्याचा नैतिक अधिकार शासनाला पोहोचत नाही.

शेवटी समाजाच्या कर्तव्याविषयी. पाड्यावरच्या सेविकेला वकिलाची फी परवडत नाही. तारखेला पालघरला जायचे तर दिवसाचे मानधन आणि भाडे दोन्ही जाते. शेजारी बोलेनासे होतात, मुलांच्या शाळेत कुजबुज होते. सत्येंद्र दुबे एकाकी होते, आणि एकाकीपण हेच त्यांच्या मारेकऱ्यांचे बळ होते. ज्या समाजाला धर्मशाळा, पाणपोया आणि औषधालये उभारता येतात, त्याला अशा माणसासाठी एक वकील उभा करणे आणि सुनावणीच्या दिवशी न्यायालयाच्या बाकांवर पाच-पंचवीस माणसे बसविणे अवघड नाही. न्यायासनाला त्यामुळे दडपण येत नाही. परंतु आरोपीला आपण कोणासाठी बोललो, ते समोर दिसते.

जागल्याची हाळी ऐकून गावाने कवाडे लावून घेतली, तर दोष जागल्याचा नव्हे. पाड्यावरच्या त्या वहीत सात बालकांची वजने लिहिलेली आहेत. ती कोणीतरी खरी लिहिली, हे त्या सेविकेचे कर्तव्य पूर्ण झाले. ती वाचली जावीत, आणि वाचून दाखविणाऱ्याला न्याय मिळावा, हे कर्तव्य आता इतरांकडे आले आहे.